शैलाताईची रेषा

शेअर बाजार आडवा पडला की हेमंत भदाणेची कळी खुलायची. इतरांना बाजार चढला की आनंदाच्या उकळ्या फुटतात आणि पडला की घाम फुटतो. महिनोन्महिने तो एकाच जागी घुटमळत राहिला, तर त्यांना जांभया येतात. हेमंतची रोजीरोटी या जांभयांवर चालायची. धुळ्यात देवपुरातल्या लहानशा फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत संगणकाचे पडदे मांडून तो रोज सकाळी बसायचा आणि अशा कंटाळवाण्या शेअर्सवर नजर ठेवायचा.

त्याचा सगळ्यात लाडका शेअर म्हणजे गिरणाई सिमेंट. वर्षभर हा गडी चारशे दहाच्या खाली उतरला नव्हता आणि साडेचारशेच्या वर चढला नव्हता. खाली फरशी, वर छत आणि मध्ये येरझाऱ्या. अशा शेअरमध्ये कमवायची रीत साधी असते. फरशीजवळ घ्यायचा, छताजवळ विकायचा. त्यासाठी चार्टखाली खुणा सांगणाऱ्या रेषा असतात. आरएसआय नावाची रेषा शून्य ते शंभरच्या मध्ये फिरते. ती सत्तरच्या वर गेली की समजायचं, घेणारे दमले, आता विका. तीसच्या खाली आली की विकणारे दमले, आता घ्या. एडीएक्स नावाची दुसरी रेषा वीसच्या खाली लोळत असेल, तर बाजाराला दिशाच नाही आणि येरझाऱ्यांचं गणित चालू ठेवायला हरकत नाही.

खरी मेख पुढेच असते. कधीतरी एक दिवस छत फुटतं. शेअर साडेचारशे ओलांडून सुसाट सुटतो आणि आरएसआय सत्तरवर बघून ज्याने विकून टाकलं तो हात चोळत बसतो. कधी नुसतं फुटल्यासारखं वाटतं, लोक धावत सुटतात आणि भाव परत आत येऊन त्यांना तोंडघशी पाडतो. खरं फुटणं कुठलं आणि फसवं कुठलं, हे कुठलीच रेषा खात्रीने सांगत नाही, कारण सगळ्या रेषा होऊन गेलेल्या भावांवरूनच काढलेल्या असतात. शिवाय त्याच रेषा जगभरची यंत्रंही बघत बसलेली असतात.

मग चाहूल आली.

चाहूल म्हणजे मनगटावर बांधायचा एक पट्टा. मेंदूला जे शब्दांत कळायला वेळ लागतो, ते शरीराला कधी कधी आधीच कळतं. तळहात किंचित ओलसर होतो, दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं. पट्टा हे बारीक बदल मोजायचा आणि त्यांची एक रेषा काढून चार्टखाली ठेवायचा. एखादी गोष्ट माणसाने रोज, दीर्घकाळ बघितली असेल, तर तिच्यात काही बिघडू लागताच त्याच्या अंगाला सुगावा लागतो आणि रेषा उठते. एरवी ती सपाट पडून असते. रेषा सपाट असेल तर छत टिकणार, उठली तर फुटणार, असा लोकांनी त्याचा साधा अर्थ लावला.

अडचण एकच निघाली. ज्याचे पैसे लागलेत त्याच्या अंगावर हे चालेना. भाव रुपयाने हलला तरी त्याचं काळीज उड्या मारायचं. म्हणून पट्टा बांधायचा तो दुसऱ्याला, ज्याला हावही नाही आणि धाकही नाही. पट्टा बनवणारी कंपनी त्याला साक्षी म्हणायची.

बघता बघता साक्षींना सोन्याचा भाव आला. निवृत्त मास्तर, कोपऱ्यात बसून असलेल्या आत्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेले काका, सगळ्यांना एकाएकी मान मिळाला. ज्या घरांत चहाच्या कपावरून भांडणं व्हायची, तिथे बाजार बंद होईपर्यंत कुणी आवाज चढवेना. कंपनीच्या पुस्तिकेत ठळक छापलं होतं की, व्यवहाराच्या वेळेत साक्षीला मनस्ताप होईल अशी बातमी देऊ नये. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की मुलीचं लग्न मोडल्याचंही आईला साडेतीनला बाजार बंद झाल्यावर सांगू लागले. याला शिस्त म्हणायची की निर्ढावलेपण, हे ज्याने त्याने ठरवावं.

हेमंतला साक्षी शोधायला कुठे जावं लागलं नाही. शैलाताई घरातच होती.

शैलाताई त्याची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा हा सातवीत होता. ताईने अमळनेर डेपोत कंडक्टरची नोकरी धरली, याला शिकवलं, याचे दोन बुडीत धंदे निस्तरले आणि त्यात स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. एसटीच्या गाड्यांत तिकिटाची यंत्रं बसली तेव्हा कंडक्टर घरी बसवले गेले. तेव्हापासून ती धुळ्याला त्याच्याजवळ राहत होती. हेमंतने पट्टा आणला तेव्हा तिने फक्त एवढंच विचारलं होतं, "मला काय करायचंय?"

"काही नाही. तुझ्यासमोरच्या पडद्यावर चार्ट चालू राहील, तो बघत बसायचं. डावा हात खुर्चीवर ठेवायचा, फार हलवायचा नाही."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"कळायला नकोच आहे. तुझ्या अंगाला कळेल."

ताई हसली होती. पण दुसऱ्या दिवसापासून ती सकाळची कामं आटपून, धुतलेलं पातळ नेसून त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसायला लागली. काही महिने रेषा नुसतीच सपाट राहिली. मग हळूहळू ती योग्य वेळी उठायला लागली. छत खरंच फुटायचं असेल तर थोडा वेळ आधी ताईची रेषा मान वर काढायची. हेमंतने दोन वर्षांत आयुष्यात बघितले नव्हते इतके पैसे बघितले. तो मित्रांना सांगायचा, माझ्या ताईच्या अंगात बाजार आहे. पुस्तिका मात्र त्याने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाळली. सकाळी नऊ ते साडेतीन ताईचे फोन त्याच्या फोनवर वळवले जायचे.

ताईला जवळची म्हणावी अशी एकच मैत्रीण होती, अमळनेरची रत्ना पाटील. दोघी एकाच दिवशी कंडक्टर झालेल्या, एकाच खोलीत राहिलेल्या, एकीच्या रजेत दुसरीने ड्युटी केलेली. रत्नाचं हृदय गेली काही वर्षं कमजोर झालं होतं आणि पावसाळ्यानंतर ते फारच बिघडलं. धुळ्याहून अमळनेर म्हणजे तासाभराचा रस्ता. ताई दर आठवड्याला म्हणायची, "जाऊन येते रे एकदा रत्नीकडे." हेमंत म्हणायचा, "रविवारी जाऊ." रविवारी दवाखान्यात भेटीची वेळ थोडी, रत्नाला झोपेचं औषध दिलेलं, धड बोलणं होत नसे. ताई तिचा हात धरून बसायची आणि परत यायची. आठवड्याच्या मधल्या दिवशी जायचं म्हणजे त्या दिवसाचा व्यवहार बुडणार. तसं हेमंत कधी तोंडाने म्हणाला नाही. ताईने कधी म्हणायला लावलं नाही.

गिरणाई सिमेंटचे तिमाहीचे निकाल ज्या दिवशी दुपारी लागायचे होते, त्या दिवशी सकाळी बाजार उघडून थोडाच वेळ झाला होता. शेअर चारशे सत्तेचाळीसवर, अगदी छताला टेकलेला. हेमंतने वर्षातला सगळ्यात मोठा डाव लावायचं ठरवलं होतं. तेवढ्यात ताईचा म्हणून वळवलेला फोन त्याच्याकडे वाजला. तो स्वयंपाकघरात जाऊन बोलला.

रत्नाची मुलगी पल्लवी होती. "मामा, मावशी कुठे आहे? तिचा फोन तुमच्याकडे कसा लागतो?"

"बोल ना. काय झालं?"

"आईला आयसीयूत नेलंय. शुद्धीवर आहे, बोलतेय थोडं. डॉक्टर म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. ती सारखी मावशीचं नाव घेतेय. लगेच निघा ना मामा."

"निघतोच," हेमंत म्हणाला.

फोन ठेवून तो ओट्याशी उभा राहिला. मागच्या महिन्यातही असंच बोलावणं आलं होतं आणि रत्ना दोन दिवसांत उठून बसली होती. आयसीयूत आत सोडत तरी कुठे पटकन? साडेतीनला निघालो तरी साडेचारला तिथे. ताईला आत्ता सांगितलं तर ती वाटभर जीव टांगणीला लावून बसणार. आणि एक दिवस, फक्त आजचा एक दिवस. इतकी कारणं एका दमात सुचली की माणसाने सावध व्हावं. हेमंत झाला नाही. त्याने तोंडावर पाणी मारलं आणि तो बाहेर आला.

"कुणाचा फोन?" ताईने विचारलं.

"बँकेवाल्यांचा. काहीतरी कर्ज घ्या म्हणत होते."

ताईने मान हलवली. हेमंत खुर्चीत बसला आणि त्याने पडद्याकडे बघितलं. दोन मिनिटांत ताईची रेषा उठली. नुसती उठली नाही, गेल्या दोन वर्षांत कधी गेली नव्हती इतकी वर गेली.

त्याने चपापायला हवं होतं. तो हरखला! आरएसआय चौऱ्याहत्तर दाखवत होता, एडीएक्स वीसच्या खाली होता, जुन्या रीतीप्रमाणे इथे विकून मोकळं व्हायचं होतं. पण ताईची रेषा सांगत होती की आज छत फुटणार. त्याने होते तेवढे पैसे लावून शेअर घेतले.

आणि छत फुटलं. चारशे बावन्न, चारशे छप्पन्न. हेमंतने ताईकडे बघून अंगठा वर केला. ताई हसली. ती हसली तशी रेषा आणखी थोडी वर सरकली, ते त्याने पाहिलं आणि त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला.

दुपारी निकाल लागले. वाईट नव्हते, चांगलेही नव्हते. भाव घसरून परत साडेचारशेच्या आत आला, मग चारशे त्रेचाळीस, मग चारशे सदतीस. हेमंतने विकायला बोट उचललं की त्याची नजर खाली जायची. रेषा अजून उंचच होती. साक्षीचं अंग सांगतंय तर अजून काही घडायचं असेल, असं म्हणून तो थांबायचा. दोनदा त्याच्या मनात आलं की ताईला सांगून टाकावं. दोन्ही वेळा त्याने मनाला बजावलं की आता थोडाच वेळ राहिलाय.

बाजार बंद व्हायला तासभर असताना पल्लवीचा पुन्हा फोन आला. या वेळी त्याने तो तिथेच, खुर्चीत बसूनच घेतला. पलीकडे पल्लवी रडत होती. तिने एकच वाक्य सांगितलं आणि फोन ठेवला.

हेमंतने आधी शेअर विकले. त्यानंतर तो उठला, ताईजवळ गेला आणि तिच्या मनगटावरचा पट्टा सोडता सोडता म्हणाला, "ताई, आत्ताच फोन आला. रत्नाताई गेल्या."

ताई रडली-ओरडली नाही. ती म्हणाली, "आत्ता?" आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग उठून तिने चपला घातल्या.

चालक नसलेली भाड्याची गाडी अमळनेरच्या रस्त्याला लागली. हेमंत मनात एकच गोष्ट घोकत होता. पल्लवीने सकाळच्या फोनचं काढलं तर काय सांगायचं? गाडी खराब झाली? ताईची तब्येत बरी नव्हती? बहिणीची जिवाभावाची मैत्रीण गेलीय आणि आपण सबबी जुळवतोय, याची त्याला इतकी शरम वाटली की त्याने खिडकीची काच खाली करून तोंड बाहेर काढलं.

पाटलांच्या दारात पल्लवी ताईच्या गळ्यात पडली आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलत राहिली. हेमंतला ऐकू आलं नाही. ताईच्या खांद्यावरून पल्लवीने एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवशी आणि नंतर दशक्रियेलाही तिने त्याला मामा म्हणून हाक मारली नाही.

दशक्रिया झाली आणि पुढच्या सोमवारी सकाळी ताई धुतलेलं पातळ नेसून नेहमीसारखी खुर्चीत येऊन बसली. डावा हात पुढे करून म्हणाली, "बांध."

"राहू दे ताई. काही दिवस आराम कर."

"बसून काय करू? बांध."

त्याने बांधला. रेषा सुरू होताच वर गेली आणि वरच राहिली. बाजार आडवा होता, गिरणाई सिमेंट परत आपल्या येरझाऱ्यांत होता, काहीही फुटत नव्हतं. हेमंतने कंपनीच्या मदत केंद्रात विचारलं. तिथल्या मुलाने मऊ आवाजात सांगितलं की साक्षी शोकात असेल तर असं होतं, महिनाभर विश्रांती द्या किंवा पर्यायी साक्षी घ्या. हेमंतने आभार मानले आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच. ताई वेळेवर यायची, हात पुढे करायची, रेषा उंचावर जाऊन बसायची. हेमंत व्यवहार करायचा नाही, नुसता पडद्याकडे बघायचा. सांगून टाकू असं म्हणून तो तोंड उघडायचा आणि चहा घेणार का म्हणून विचारायचा. त्या आठवड्यात दोघांनी फार चहा प्यायला.

शुक्रवारी त्याच्याने राहवेना. पण गुन्हेगार माणूस सरळ दाराने आत शिरत नाही, तसा तोही बाजूने शिरला.

"ताई, एक विचारू? त्या दिवशी सकाळी तुझी रेषा एकदम वर गेली होती. चार्टवर असं काय दिसलं होतं तुला?"

"चार्टवर?" ताईला खरंच नवल वाटलं. "मी कधी चार्ट बघितलाय? त्या लाल-हिरव्या मेणबत्त्यांसारख्या दांड्यांतलं मला काय कळतंय?"

"मग दोन वर्षं तू बघत काय होतीस?"

"तुला."

हेमंतने पडद्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

"समोर तूच असतोस," ताई म्हणाली. "तुझ्या कपाळावरून कळतं मला. तू स्वतःशी पुटपुटायला लागलास, पाय हलवायला लागलास की माझ्या जिवाला घोर लागतो, आता याचं काही चुकणार तर नाही ना म्हणून. लहानपणापासून तसंच आहे. मला वाटलं, ते मशीन तेच मोजत असेल."

मशीन तेच मोजत होतं. हेमंतच्या डोळ्यांसमोर सगळं उलगडलं. बाजार ताईच्या अंगात नव्हताच. वर्षानुवर्षं चार्ट बघून जी काही जाण आली होती ती त्याच्याच अंगात होती, पण त्याची स्वतःची हाव तिला बोलू देत नव्हती. ती त्याच्या चेहऱ्यावर उमटायची, ताई ती वाचायची आणि तिच्या काळजीची रेषा व्हायची. त्या सकाळी मात्र त्याच्या चेहऱ्यावर बाजार नव्हता. ओट्याशी उभं राहून त्याने जे ठरवलं होतं, ते होतं. आणि त्या रेषेवर भरवसा ठेवून त्याने शेअर घेतले होते.

"म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं?" त्याने विचारलं.

"तू काहीतरी लपवतोयस एवढं कळलं. रत्नीचं असेल असं नाही वाटलं. मला वाटलं, तुझं पुन्हा काहीतरी बुडालं. म्हणून मी हालचाल केली नाही. श्वास सावकाश घेत बसले. म्हटलं, आपल्यामुळे याची रेषा बिघडायला नको."

"पुन्हा विचारलं का नाहीस?"

"एकदा विचारलं, बँकेचा फोन म्हणालास. परत विचारून तुला परत खोटं बोलायला लावू?"

हेमंतने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढले, कारण तिला चेहरा दिसायला हवा होता, एवढं तरी त्याला तिचं देणं होतं. "ताई, पल्लवीचा फोन सकाळीच आला होता. रत्नाताई शुद्धीवर होत्या. तुझं नाव घेत होत्या. मी बाजारासाठी तुला सांगितलं नाही. आणि त्या गेल्याचं कळल्यावरही आधी शेअर विकले, मग तुझ्याकडे आलो."

"शेअरचं मला माहीत नव्हतं," ताई म्हणाली. "बाकीचं पल्लवीने दारातच सांगितलं होतं."

"मग पाच दिवस हा पट्टा बांधून…"

"तू सांगतोस का ते बघत बसले होते."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याने तिचे पाय धरले असते, तिने दोन शब्द सुनावले असते आणि दुपारी दोघं जेवायला बसले असते. इतकी वर्षं तसंच निभावलं होतं. ताईने उजव्या हाताने स्वतःच पट्टा सोडला, टेबलावर ठेवला आणि ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती.

"पल्लवीला सातवा लागलाय. तिच्याजवळ आता कुणी बाईमाणूस नाही. मी तिथेच राहते."

"किती दिवस?"

"बघू."

"ताई, मी येतो सोडायला. अमळनेरपर्यंत येतो."

"स्टँडपर्यंत सोड."

स्टँडवर अमळनेरची गाडी लागलेलीच होती. ताईने यंत्रात पैसे भरून तिकीट घेतलं, पिशवी उचलून आत गेली आणि खिडकीशी बसली. हेमंत खिडकीखाली उभा राहिला. त्याला खूप काही बोलायचं होतं आणि त्यातलं बरंचसं खरं होतं. तो म्हणाला, "ताई, मी चुकलो." काही वेळाने म्हणाला, "रविवारी येऊ का?" ताईने मान हलवली. ते हो होतं की नाही होतं, ते त्याला कळलं नाही. तिची नजर समोरच्या सीटच्या पाठीवर होती. सातवीपासून तोंडातून शब्द निघायच्या आत त्याचं मन ओळखणारी त्याची बहीण तिथे बसली होती, आणि गाडी स्टँडच्या बाहेर पडून वळणाआड जाईपर्यंत तिने एकदाही त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही.